सशाचे अंथरूण

चेन्नईतील पाळीव प्राण्यांच्या दुकानासमोर रविवारी सायंकाळी मुलांचा घोळका जमतो. जाळीच्या पिंजऱ्यात पांढरीशुभ्र, तांबड्या डोळ्यांची चार-सहा पिल्ले एकमेकांना बिलगून बसलेली असतात. मुलांचा हट्ट, पालकांची थोडी कुरकुर आणि मग खरेदी, हा क्रम ठरलेला असतो. पिंजरा घेतला जातो, पाण्याची बाटली घेतली जाते. गाजर तर घरी असतेच. सशाच्या अंगाखाली काय घालायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी निघतो आणि दुकानदार हाताशी असलेल्या पिशवीतून मूठभर भुसा काढून त्याचे उत्तर देतो.

पुढे काही आठवड्यांत ससा शिंकू लागतो. त्याच्या नाकातून पाणी येते, पुढच्या पायांवरील केस चिकट दिसतात, खाणे मंदावते. एके दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात निपचित पडलेला आढळतो. घरातील मंडळी हळहळतात आणि म्हणतात, "ससे नाजूकच. ते टिकत नाहीत." ही समजूत इतकी रुजलेली आहे की कारणाचा शोध घेण्याची कोणाला गरज वाटत नाही. वास्तविक नीट सांभाळलेला पाळीव ससा आठ-दहा वर्षे जगतो. तो लवकर दगावण्यामागे चुकीचा आहार असतो, उष्मा असतो, रोग असतो. परंतु ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते असे एक कारण त्याच्या पायांखाली पसरलेले असते.

मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. आपल्या माळरानावर, उसाच्या फडात दिसणारा तो रानससा. तो बीळ खोदत नाही. गवतातच उथळ जागा करून राहतो आणि त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले असल्यामुळे तो पाळता येत नाही. घरात पाळला जाणारा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील बिळात राहणाऱ्या सशांचा वंशज आहे. त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात. म्हणून मादी बिळात सुके गवत नेते, स्वतःच्या पोटावरचे केस उपटते आणि ऊबदार बिछाना तयार करते. बिळातील माती कोरडी व गार असते आणि मलमूत्रासाठी ससा सहसा ठरावीक जागाच वापरतो. थोडक्यात, स्वच्छ अंथरुणाची आवड सशाला माणसाने लावलेली नाही. पिंजऱ्यात कोंडल्यावर त्याला ती भागवता येत नाही, एवढेच.

अंथरुणाची निवड करताना गायी-म्हशींच्या गोठ्याचा किंवा कोंबड्यांच्या खुराड्याचा अनुभव पुरेसा पडत नाही. सशाच्या शरीराची काही वैशिष्ट्ये आधी लक्षात घ्यावी लागतात.

ससा केवळ नाकाने श्वास घेतो. नाक चोंदले तर माणसाप्रमाणे तोंडाने श्वास घेऊन त्याला सहज निभावून नेता येत नाही. त्याचे नाक जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर असते. म्हणजे अंथरुणातून उडणारी धूळ आणि निघणारा वायू यांचा पहिला आघात त्याच्या नाकावर होतो. लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. हा वायू नाकाच्या आतील नाजूक आवरणाला इजा करतो आणि मग नाकात आधीपासून दबा धरून बसलेल्या रोगजंतूंना वाट मिळते. सशांमध्ये सर्रास आढळणारी शिंका-सर्दी पुष्कळदा 'पाश्चुरेला' नावाच्या जिवाणूमुळे होते. हा जिवाणू अनेक सशांच्या नाकात कोणतेही लक्षण न दाखवता राहत असतो. ओलसर, कोंदट पिंजऱ्यात तो उचल खातो. पिंजरा स्वच्छ आहे की नाही हे उभ्याने पाहून कळत नाही. गुडघे टेकून, आपले नाक सशाच्या नाकाच्या उंचीवर नेऊन श्वास घ्यावा. आपल्याला दर्प जाणवला, तर ससा तो कितीतरी वेळ सोसत आहे हे ओळखावे.

दुसरे वैशिष्ट्य तळपायांचे. कुत्र्या-मांजरांच्या पंजाखाली मऊ गाद्या असतात. सशाच्या तळव्याला दाट केसांखेरीज दुसरे कवच नाही. तारेच्या जाळीवर सतत बसणाऱ्या सशाच्या मागच्या पायांचे तळवे घासले जातात, केस झडतात, कातडी लाल होते आणि अखेर जखमा होतात. ओल्या अंथरुणावरही हेच घडते. मोठ्या प्रमाणावर ससेपालन करणारे लेंड्या खाली पडून जाव्यात म्हणून जाळीचा तळ वापरतात. शेकडो सशांची व्यवस्था पाहताना त्यांना ती सोय करावी लागते. घरातल्या एक-दोन सशांसाठी तिचे अनुकरण करण्याचे कारण नाही. जाळीचा पिंजरा असलाच, तर त्याच्या निम्म्याहून अधिक भागावर लाकडी फळी किंवा गोणपाट घालून ठेवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ससा आपले अंथरूण खातो. त्याचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजावेत म्हणून तो समोर येईल ते कुरतडतो. शिवाय त्याला ओकारी येऊ शकत नाही. पोटात गेलेली वस्तू पुढेच सरकावी लागते, आणि ती अडली की प्राणावर बेतते. त्यामुळे अंथरुणाच्या प्रत्येक वस्तूबाबत 'हे सशाच्या पोटात गेले तर काय होईल?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मऊपणा, सुगंध, पिशवीवरील आकर्षक चित्र या गोष्टी त्यानंतरच्या.

या कसोट्या घेऊन चेन्नईच्या बाजारात उतरल्यावर मराठी माणसाची पहिली अडचण शब्दांची होते. आपण 'भुसा' म्हणतो तेव्हा लाकडाचा भुसा, भाताचे तूस, धान्याचा कोंडा यांपैकी काहीही मनात असू शकते. तमिळमध्ये यांना स्वतंत्र नावे आहेत. लाकडाच्या भुशाला 'मरत्तूळ', भाताच्या तुसाला 'उमी', कोंड्याला 'तविडु' आणि भाताच्या पेंढ्याला 'वैक्कोल' म्हणतात. नाव चुकले की वस्तू चुकते, आणि इथे वस्तू चुकून चालत नाही.

लाकडाचा भुसा स्वस्त मिळतो. लाकडाच्या वखारीत किंवा सुताराच्या दुकानात पोतेभर भुसा सहज हाती लागतो. पण तो कोणत्या लाकडाचा आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. सागवान, कडुनिंब, आंबा, बंदरावर उतरलेल्या मालाच्या खोक्यांचे पाइन, आणि डिंक-रसायनांनी चिकटवलेले प्लायवूड या सर्वांची पूड एकाच ढिगात पडलेली असते. करवतीचा बारीक भुसा तर धूळच असतो. तो नाकात, डोळ्यांत जातो. सागाची धूळ माणसाच्याही कातडीला व श्वासाला त्रास देते, हे सुतारकाम करणाऱ्यांना ठाऊक असते. सीडर आणि पाइन या सुवासिक लाकडांचा धोका आणखी वेगळा आहे. १९६७ साली अमेरिकेतील संशोधक एलियट व्हेसेल यांना असे आढळले की, अशा लाकडाच्या अंथरुणावर ठेवलेल्या उंदरांवर गुंगीच्या औषधाचा परिणाम कमी काळ टिकतो. त्या लाकडातून निघणाऱ्या द्रव्यांमुळे उंदरांच्या यकृताचे काम बदलले होते आणि औषधाचे विघटन लवकर होत होते. प्रयोग उंदरांवरचा होता, सशांवरचा नव्हता. तरीही नुसत्या अंथरुणाच्या सान्निध्याने शरीराच्या आत बदल घडतो, हे त्यातून स्पष्ट झाले. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधील पुष्कळसे तेल उडून जाते, म्हणून तो चालतो असे काही जाणकार मानतात. मात्र वखारीतला भुसा भट्टीत वाळवलेला असल्याची खात्री कोण देणार? माणसाला सुखावणारा लाकडाचा वास हा इथे नापसंतीचा कौल समजावा.

भाताचे तूस कोंबड्यांच्या खुराड्यात सर्वत्र वापरतात आणि तिथे ते योग्यही आहे. सशासाठी ते फारसे उपयोगाचे नाही. तुसात वाळूतील सिलिका मुबलक असते, त्याची टोके बोचरी असतात, ते ओल फारशी शोषत नाही आणि त्याची कुसळे डोळ्यांत जातात. कोंडा तर अंथरायलाच नको. तो ओला होताच आंबतो.

भाताचा पेंढा मात्र तमिळनाडूत विपुल मिळतो आणि सशाच्या अंथरुणासाठी तो चांगला आहे. तो मऊ असतो, आतून पोकळ असल्यामुळे हवा खेळती राहते आणि सशाने चघळला तरी बिघडत नाही. पोषणाच्या दृष्टीने तो निकृष्ट असल्यामुळे त्याला चाऱ्याची जागा मात्र देता येत नाही. पेंढा घेताना तो हातात चुरगळून पाहावा. रंग सोनेरी व वास सुक्या शेताचा हवा. काळे-हिरवे डाग, कुबट वास किंवा झटकल्यावर उडणारी पांढुरकी पूड दिसली, तर ती बुरशी आहे असे समजून पेंढा परत करावा. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ससा त्या विषाला फार लवकर बळी पडतो. उन्हात वाळवल्याने बुरशी सुकते, पण झालेले विष नाहीसे होत नाही. म्हणून काळवंडलेला पेंढा वाळवून वापरण्याची काटकसर करू नये.

पेंढ्याहूनही उत्तम म्हणजे वाळलेले गवत. परदेशी पुस्तकांत 'टिमोथी' गवताचा उल्लेख पदोपदी येतो. ते थंड प्रदेशातील गवत आहे. येथे बाहेरून आणलेले मिळते, पण महाग पडते. आपल्याकडील हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा, सशाला मानवतात. चेन्नईत तिला 'अरुगम्पुल' म्हणतात. तिचा हिरवा रस तेथे पहाटे फिरायला जाणाऱ्या लोकांसाठी विकला जातो आणि जुड्या मंदिराबाहेर मिळतात. स्वच्छ जागेतील हरळी सावलीत वाळवून ठेवल्यास ती अंथरूणही होते आणि अन्नही. रस्त्याकडेची किंवा कीटकनाशक फवारलेल्या हिरवळीवरची हरळी अर्थातच वर्ज्य होय.

नारळाचा काथ्या या भागात सुलभ आहे, आणि म्हणूनच त्याबद्दल सावधगिरीने बोलले पाहिजे. काथ्याचे लांब तंतू पोटात गेले तर गुंता होऊ शकतो. पिल्लांच्या पायांना त्याचा फास बसण्याचीही भीती असते. काथ्या काढताना उरणारा भुसा पाणी भरपूर शोषतो, परंतु सुकल्यावर त्याची धूळ उडते. तो वापरायचाच, तर मलमूत्राच्या पेटीत सर्वांत खाली आणि वर जाळी ठेवूनच वापरावा.

रद्दी वर्तमानपत्र प्रत्येक घरात असते. ते ओल शोषते, पैसे पडत नाहीत आणि त्यावर लघवीचा रंगही दिसतो. सशाची लघवी गढूळ, पांढरट किंवा खाल्लेल्या पाल्यानुसार तांबूस असू शकते, म्हणून रंगावर नजर राहणे उपयुक्त ठरते. अडचण शाईची आहे. छपाईच्या शाईतील द्रव्ये पोटात जाऊ नयेत म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असा इशारा दिला होता. ज्या कागदात आपण भजी बांधू नयेत, तो सशाने रोज कुरतडावा हे योग्य नाही. तेव्हा वर्तमानपत्र तळाशी घालून त्यावर गवताचा जाड थर द्यावा, आणि चकचकीत रंगीत पुरवण्या बाजूला काढाव्यात. न छापलेला तपकिरी कागद किंवा साधा पुठ्ठा फाडून घातला तर अधिक चांगले.

आता दुकानातल्या महाग वस्तूंकडे वळू. मांजरांसाठी विकली जाणारी माती पाणी लागताच फुगून गोळा होते, आणि हाच तिचा गुण म्हणून सांगितला जातो. मांजर ती खात नाही. ससा खातो, आणि गोळा त्याच्या आतड्यात होतो. 'सर्व लहान प्राण्यांसाठी उपयुक्त' असे पिशवीवर छापलेले असले तरी ती घेऊ नये. चकाकणारे सिलिकाचे खडे, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि सुगंध मिसळलेले कोणतेही द्रव्य यांनाही नकार द्यावा. दाबलेल्या कागदाच्या कांड्या निर्धोक असतात. लाकडाच्या कांड्याही चालतात, पण त्या प्राण्यांसाठीच तयार केलेल्या असाव्यात. बॉयलरच्या इंधनासाठी विकल्या जाणाऱ्या कांड्यांत काय काय दाबले आहे हे कोणी सांगत नाही.

घरात करता येण्याजोगी मांडणी साधी आहे. पसरट प्लास्टिकचे घमेले किंवा टब घ्यावा. तळाशी वर्तमानपत्राचे काही पदर, त्यावर कागदाच्या कांड्या किंवा फाडलेला पुठ्ठा, आणि वर हातभर गवत किंवा पेंढा. ससा स्वतः ज्या कोपऱ्यात लघवी करतो तेथेच हा टब ठेवावा. आपल्या सोयीचा कोपरा त्याच्यावर लादू नये. खाण्याचे गवतही टबाच्या एका कडेला ठेवावे, कारण खाता खाता लेंड्या टाकण्याची त्याची सवयच असते. दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या पडतात हे ऐकून नवखा माणूस दचकतो. पण त्या सुक्या असतात आणि झाडता येतात. खरे काम लघवीचे आहे. ओला झालेला भाग रोज काढावा आणि आठवड्यातून निदान दोनदा टब पूर्ण रिकामा करून धुवावा. त्यावर बसणारे पांढरे किटण कॅल्शियमचे असते, कारण ससा शरीरातील जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. साध्या व्हिनेगरने ते विरघळते. फिनेल मात्र वापरू नये. फरशी पुसण्याची आपली सवय जुनी असली, तरी ते द्रव्य सशाच्या पायांना लागते आणि पाय चाटताना पोटात जाते. डांबरगोळ्या आणि मुंग्यांसाठीचा विषारी खडू यांचेही तेच. जुन्या काळी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत. पिंजऱ्याला ती युक्ती लागू पडते. पाणी रोज बदलावे, नाहीतर मुंग्या टळून डास होतील.

चेन्नईत ऋतूंचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सशाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांवाटे बाहेर टाकतो. पारा ३० अंशांच्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि चेन्नईत तर मे महिन्यात 'कत्तिरी वेयिल' म्हणून ओळखले जाणारे कडक ऊन पडते. २००३ च्या ३१ मे रोजी या शहरात ४५ अंश तापमान नोंदले गेले होते. तमिळनाडूत सशांवरील संशोधन कोडाईकनालजवळच्या मन्नवनूरसारख्या डोंगराळ, थंड ठिकाणी चालते, हा योगायोग म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात जाड गादीसारखे अंथरूण सशाला जाचते. टबापुरते गवत ठेवून उरलेल्या जागेत कडप्प्याची लादी किंवा साधी कौलारू फरशी ठेवावी. ससा स्वतःच तिच्यावर पोट टेकून पसरतो. सबंध जमीन गुळगुळीत असेल तर मात्र त्याचे पाय घसरतात. म्हणून लादीशेजारी गोणपाट असावे, आणि त्याचे दोरे सुटले की बदलावे.

पावसाचे दुखणे याच्या उलट आहे. महाराष्ट्रात पाऊस जूनमध्ये येतो. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. त्या दिवसांत हवेतच इतकी ओल असते की सकाळी घातलेले कोरडे गवत दुपारपर्यंत दमट होते. पुण्या-नागपूरहून चेन्नईला आलेल्या कुटुंबाने आपल्या सवयीने जूनसाठी साठा केला, तर तो ऑक्टोबरमध्ये बुरसटलेला निघतो. पेंढा थोडाथोडा आणावा, जमिनीपासून उंचावर, हवा लागेल अशा कापडी पिशवीत ठेवावा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत त्याला आतूनच घाम सुटतो. डिसेंबर २०१५ च्या महापुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पिंजरा जमिनीवर न ठेवता उंच ओट्यावर ठेवणे हिताचे. ओल्या अंथरुणाचे आणखी एक भयंकर रूप म्हणजे माशा. सशाच्या मागच्या बाजूचे केस घाणीने भिजलेले राहिले तर माशी तेथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. पावसाळ्यात सशाचा पार्श्वभाग सकाळ-संध्याकाळ पाहिला पाहिजे.

मादी गाभण असेल तर सुमारे एक महिन्याने ती विते. दिवस भरण्याच्या दोन-तीन दिवस आधी तिला एक लाकडी खोके आणि भरपूर मऊ, सुके गवत द्यावे. कापूस, लोकर, काथ्या देऊ नये; तंतू पिल्लांच्या पायांभोवती आवळतात. पुढचे काम तिचे तिला येते.

सशाला शिंका येणे, नाकातून स्राव, तळव्यांचे केस झडणे किंवा अर्धा दिवस काही न खाणे, यांपैकी काहीही दिसले तर अंथरूण बदलण्याबरोबरच वैद्यकीय सल्ला घ्यावा. चेन्नईत वेपेरी येथे १९०३ साली सुरू झालेल्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. डॉक्टरांना दाखवताना पिंजऱ्यातील अंथरुणाचा मूठभर नमुना सोबत न्यावा. 'काय घालता?' या प्रश्नाला 'भुसा' एवढे उत्तर पुरत नाही.

काढलेले अंथरूण कचऱ्यात टाकण्याची मात्र गरज नाही. सशाच्या लेंड्या शेणखताप्रमाणे कुजवत ठेवाव्या लागत नाहीत. त्या थेट कुंडीत घालता येतात. ओला पेंढा आणि साधा कागद मातीत मिसळून झाकून ठेवला की काही महिन्यांत खत होते. चेन्नईच्या घरांच्या गच्चीवर मोगऱ्याच्या, कढीपत्त्याच्या आणि तुळशीच्या कुंड्या असतातच. मांजराच्या मातीवर ज्यांनी पैसे घातले, त्यांना ती या कुंड्यांत ओतता येत नाही.